इंग्रजी मातृभाषा असलेले विद्यार्थी डिझर्टेशनचं इंट्रोडक्शन आपल्यापेक्षा वेगळं लिहितात का?

लिहितात, पण तुम्हाला वाटतंय तसं भाषेमुळे नाही.

मी ब्रिटनमध्ये मास्टर्स केलं. विषय होता महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने. इंट्रोडक्शनची सुरुवात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून केली. १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम, तो उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा सभासद कसा, हे सगळं आधी. ज्याने सहकारी कारखाना पाहिलाच नाही, त्याला थेट प्रश्न सांगून काय कळणार? हे मला आजही बरोबर वाटतं. सुपरवायझरांनी ड्राफ्टवर शेरा मारला, 'नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या.' कुठलं वाक्य खटकलं, ते लिहिलं नाही.

त्याच सुपरवायझरांकडे यॉर्कशायरचा एक मुलगा होता. त्याचा ड्राफ्ट मी वाचला. इंग्रजी सुरेख, जागतिकीकरणावर लांबलचक सुरुवात, आणि शेवटपर्यंत हा नेमकं काय शोधणार ते कळेना. त्याला शेरा मिळाला, 'मुद्दा अजून धारदार करा.' म्हणजे त्याच्या विचारात कसर आणि माझ्या भाषेत! याचा राग अजून गेलेला नाही.

भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये संशोधन-लेखांच्या प्रस्तावनांची जी तीन पावलं मांडली, ती आता तिकडे सर्रास शिकवतात. आधी विषयाचं क्षेत्र आणि त्याचं महत्त्व, मग आधीच्या संशोधनात काय राहून गेलं, मग ती जागा मी कशी भरणार. आपली मुलं अडतात ती दुसऱ्या पावलावर. 'अमुक संशोधकाने हे पाहिलंच नाही' असं लिहायला हात धजत नाही. आपल्याकडे एम.ए.ला सरांच्याच पुस्तकातली उणीव दाखवून पाहा! त्यामुळे आपण आधीच्या सगळ्यांची नावं आदराने ओळीने मांडतो आणि थेट 'प्रस्तुत अभ्यासाचा उद्देश' लिहून मोकळे होतो. तिकडच्या मुलांना शाळेपासून निबंधात वाद घालायची सवय असते. तरीही ही पावलं शिकवल्याशिवाय त्यांनाही येत नाहीत.

तेव्हा तुमच्या विभागातली जुनी, चांगले मार्क मिळालेली डिझर्टेशन्स काढा, त्यात दुसरं पाऊल कुठे पडतं तिथे खूण करा, आणि स्वतःचं इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी पुन्हा लिहा. व्याकरण तपासायला पैसे घालवू नका.

हो, आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्स आपली चुकतात, ती तपासून घ्यावीच, पण मैत्रिणीकडून. आणि मी समाजशास्त्राच्या बाजूचं सांगतेय, इंजिनिअरिंगमध्ये प्रस्तावना बरीच आटोपशीर असते.

तुमच्याही ड्राफ्टवर 'नेटिव्ह स्पीकर'चा शेरा आला असेल, तर सुपरवायझरांना मेल करून विचारा: कोणतं वाक्य? ते दाखवता आलं नाही, तर पुढचा प्रश्न विचारा: माझा संशोधन-प्रश्न तुम्हाला कितव्या पानावर सापडला?