फ्लोरेन्स बॅस्कम अमेरिकेतली जिऑलॉजीत पीएचडी करणारी पहिली बाई होती का?

नाही, दुसरी म्हणा. मेरी होम्सना मिशिगन युनिव्हर्सिटीची पीएचडी १८८८ लाच मिळाली होती, बॅस्कमबाईंची १८९३ ची. गोंधळ होतो कारण जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीची पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि तिथे वर्गात पडद्यामागे बसून शिकल्या, मग तोच किस्सा सगळीकडे फिरतो. खरं तर त्यांचा थिसिस जास्त भारी आहे, पेनसिल्व्हेनियातल्या साउथ माउंटन डोंगराचे जे खडक लोक गाळाचे समजायचे ते मुळात जुना लाव्हा आहेत हे त्यांनी दाखवलं. पुढे १८९५ पासून ब्रिन मॉर या बायकांच्या कॉलेजात जिऑलॉजी डिपार्टमेंट उभं केलं, १८९६ ला यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेत घेतलेल्या पहिल्या महिला जिऑलॉजिस्टही त्याच. फक्त होम्स यांचं काम प्रवाळांच्या जीवाश्मांवर होतं, त्यामुळे 'खडकवाली' म्हणून बॅस्कमला पहिली म्हणत असाल तर मी भांडणार नाही.