ट्रेलर कापताना : अहिराणी सिनेमा करणाऱ्या नव्या मित्राला

तुझ्या ट्रेलरचा कट दोनदा पाहिला, भाऊ. मेहनत दिसते. पण रावेरच्या केळीबागेवरचा ड्रोन शॉट वीस सेकंद चालतो आणि सिनेमा विनोदी आहे की खुनाचा, हे तोवर कळतच नाही. पहिल्या दहा सेकंदांत जातकुळी कळायला हवी.

ती आधी आवाजातून कळते. हाच बागेचा शॉट घे. खाली डफडं वाजव, खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीची गोष्ट वाटेल. संगीत काढून नुसती वाळल्या पानांची सळसळ आणि लांबून मोटारीची घरघर ठेव, लगेच वाटेल बागेत कुणीतरी दबा धरून बसलंय. भयपटात ती शांतता आणखी ताणायची. विनोदात संवाद संपल्यावर चेहऱ्यावर क्षणभर थांबायचं, हसायला जागा द्यायची. तू नेमका तिथेच कापलास, म्हणून आजीचा तो झकास अहिराणी टोमणा वाया जातो. मला फार हळहळ वाटली.

गोष्टीचं म्हणशील तर माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतं, एवढं पुरे. एका प्रसंगातला संवाद दुसऱ्या दृश्यावर चढव. दोन मिनिटांत पुष्कळ सांगता येतं. शेवटचा भावाभावांचा समेट मात्र ट्रेलरमधून आजच काढून टाक. बघणाऱ्याने ‘आते काय व्हई?’ म्हणायला हवं, आणि तू उत्तर आधीच देऊन टाकलंस.

थिएटरात लावणार असशील तर ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ते दिवस हिशेबात धर.