शिवराजची लाथ, पुण्यातला बदली खेळाडू आणि धावा न होणारे सूर्या-रोहित-विराट: या आठवड्यातला सर्वांत गंभीर वाद कोणता?

आपण या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात विचारल्या आहेत. माझ्या मते पहिल्या दोन गोष्टी खऱ्या अर्थाने वाद आहेत आणि तिसरी वाद नाहीच. फलंदाजाच्या धावा होत नाहीत, ही त्याची आणि संघाची अडचण आहे. मात्र ज्याच्या हाती निर्णय आहे तो निर्णय देऊन मोकळा होतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा तो सगळ्या खेळाचा प्रश्न बनतो. म्हणून सर्वांत गंभीर प्रकार अहिल्यानगरच्या कुस्तीचा, असे माझे स्पष्ट उत्तर आहे.

2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेच्या गादी (मॅट) विभागाची अंतिम कुस्ती शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यात झाली. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचे जाहीर केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण पाहून निर्णय द्यावा, अशी मागणी त्याने केली. ती मान्य झाली नाही आणि त्याने पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत पृथ्वीराजसमोर माती विभागातून आलेल्या महेंद्र गायकवाडनेही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन शेवटची काही सेकंदे बाकी असतानाच मैदान सोडले. मानाची गदा पृथ्वीराजला मिळाली, तर शिवराज आणि महेंद्र या दोघांना तीन वर्षांचे निलंबन.

लाथेचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही. शिवराज नवखा मल्ल नाही, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान आहे, आणि त्याच्याकडे पाहून तालमीत जोर मारणारी पोरे उद्या गावच्या मैदानात पंचांच्या अंगावर धावून गेली, तर त्यांना अडवायचे कोणत्या तोंडाने? त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. परंतु शिक्षा जितक्या तत्परतेने जाहीर झाली, तितक्याच तत्परतेने त्या कुस्तीचे चित्रण संथ गतीने सगळ्यांसमोर लावून ‘हे पाहा, इथे दोन्ही खांदे टेकले’ किंवा ‘इथे आमची चूक झाली’ असे कोणी सांगितले नाही, आणि माझा राग त्यावर आहे. चितपटीसाठी दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकावे लागतात, आणि हे पाहण्यासाठी गादीवरच्या पंचाखेरीज बाजूला बसलेले पंच आणि प्रमुखही असतात. एकट्या माणसाच्या नजरेवर निकाल सोडू नये, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे. वर्षभर खुराक, मेहनत आणि घरच्यांचे कर्ज पणाला लावून उतरलेल्या मल्लाला मोठ्या पडद्यावर ते काही क्षण पुन्हा दाखवायला किती वेळ लागला असता?

आमच्या गावच्या जत्रेतले एक दृश्य मला यानिमित्ताने आठवते. निकाली कुस्तीत खाली गेलेला मल्ल ‘पाठ लागली नाही’ म्हणून अडून बसला होता, हलगी थांबली होती आणि कडेला बसलेली माणसे उठून आखाड्यात यायला लागली होती. पंचकी करणाऱ्या वृद्ध वस्तादांनी आवाज चढवला नाही. त्यांनी त्या पोराला उठवून उभे केले, त्याची पाठ लोकांकडे फिरवली आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर घामाने चिकटलेला ओल्या तांबड्या मातीचा ताजा थर बोटाने दाखवला. पोराने स्वतः हात मागे नेऊन खांदा चाचपला, बोटाला लागलेली माती पाहिली आणि वस्तादांच्या पाया पडून तो बाहेर गेला. माती स्वतःच साक्ष देत असे. गादी अशी साक्ष देत नाही, आणि म्हणूनच गादीवर कॅमेऱ्याची साक्ष मागणे हा उद्धटपणा ठरत नाही, तो मल्लाचा हक्क आहे.

शिवाय हे प्रथमच घडले आहे असेही नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर रान उठले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन संघटनांनी फुलगाव आणि धाराशिव येथे दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी भरवल्या आणि एकाच महिन्यात राज्याला दोन केसरी मिळाले. ज्या खेळाच्या घरातच दोन चुली आहेत, तिथे पंचांच्या शब्दाला वजन यावे तरी कुठून?

आता पुण्याच्या सामन्याविषयी. 31 जानेवारी 2025 ला गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या चौथ्या टी-20 मध्ये 12 धावांत 3 गडी गमावलेल्या भारताला हार्दिक पंड्या आणि शिवम दुबे यांनी प्रत्येकी 53 धावा करून 181 पर्यंत नेले. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवमच्या हेल्मेटवर आदळला आणि दुसऱ्या डावात त्याच्या जागी हर्षित राणा मैदानात आला. टी-20 आंतरराष्ट्रीय सामन्यातले त्याचे हे पदार्पण होते. त्याने 33 धावांत 3 गडी घेतले आणि भारत 15 धावांनी जिंकला.

शिवमला मार लागला होता आणि त्याला बाहेर बसवणे योग्यच होते. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजचा 2014 मध्ये चेंडू लागून झालेला मृत्यू आठवणारा कोणीही डोक्याच्या दुखापतीबाबत डॉक्टरांच्या सावधगिरीवर शंका घेणार नाही. आक्षेप बदली खेळाडूच्या निवडीवर आहे. नियमानुसार बदली खेळाडू तोलामोलाचा, म्हणजे त्याच प्रकारचा हवा, आणि त्याच्यामुळे संघाला अवाजवी फायदा होता कामा नये. शिवम हा प्रामुख्याने फलंदाज, गरज पडली तर मध्यमगती षटके टाकणारा. हर्षित पूर्ण वेळ वेगवान गोलंदाज. फलंदाजी करणारा अष्टपैलू रमणदीप सिंग संघात उपलब्ध असताना हर्षित कसा चालला, हा केवळ इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार जोस बटलरचाच नव्हे, आपलाही प्रश्न असायला हवा. सामनाधिकाऱ्यांना बदली खेळाडूच्या सहभागावर अटी घालण्याचा अधिकार आहे, परंतु त्यांचा निर्णय अंतिम असून त्यावर दाद मागता येत नाही. ज्या निर्णयावर दाद नाही, त्याची कारणे तरी लेखी आणि त्याच रात्री जाहीर व्हायला नकोत का? आपला संघ जिंकला म्हणून गप्प बसणे मला पटत नाही. हेच आपल्याविरुद्ध झाले असते, तर आपण आठवडाभर शांत राहिलो नसतो.

राहिला सूर्या, रोहित आणि विराटचा विषय. या मालिकेत सूर्यकुमारच्या पाच डावांतल्या धावा 0, 12, 14, 0 आणि 2, म्हणजे एकूण 28 आहेत. या आकड्यांना कोणतीही मखलाशी करता येत नाही. तरीही त्याच्या नेतृत्वाखाली संघाने मालिका 4-1 अशी जिंकली आणि शेवटच्या सामन्यात वानखेडेवर अभिषेक शर्माने 54 चेंडूंत 135 धावा कुटल्या, हेही तितकेच खरे आहे. ऑस्ट्रेलियातील अपयशानंतर रोहित मुंबईकडून आणि विराट दिल्लीकडून रणजी खेळले. विराटला रेल्वेच्या हिमांशू सांगवानने 6 धावांवर त्रिफळाचीत केले आणि केवळ त्याच्यासाठी आलेले हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. पस्तिशी ओलांडलेल्या फलंदाजाची नजर आणि पाय पूर्वीइतके जलद चालत नाहीत, यात गुन्हा कसला? निवड समितीने त्यांना खेळवावे की नाही, हे अवश्य विचारावे. पण त्यांच्या देशप्रेमाची आणि घरच्यांची उणीदुणी काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या तारांगणाकडे पाहण्याच्या नादात आपल्या हातून काय निसटते, ते जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या बीकेसी मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्धच्या रणजी सामन्यात दिसले. रोहित 3 आणि 28 धावांवर बाद झाला आणि चर्चा तेवढ्यावरच फिरत राहिली. त्याच सामन्यात मुंबईचे 7 गडी 101 धावांत बाद झालेले असताना पालघरच्या शार्दूल ठाकूरने 119 धावा करून तनुष कोटियनच्या साथीने डाव सावरला, पहिल्या डावातले 51 वेगळेच. आणि तरीही जम्मू-काश्मीरच्या संघाने 42 वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला मुंबईतच 5 गडी राखून हरवले.