विंडोज सोडून लिनक्सवर गेलो तर माझे प्रोग्रॅम चालतील का?

लॅपटॉपवर विंडोज १० आहे, विंडोज ११ त्यावर बसत नाही, आणि लिनक्सवर जायचं म्हटलं की वर्ड-एक्सेल, फोटोशॉप आणि गेम्सचं काय होणार याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती अगदी रास्त आहे. विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप असे अधांतरी लटकलेत. तो लॅपटॉप टाकून देऊ नका. पण उद्याच्या उद्या विंडोज पुसूही नका.

माझा सल्ला एवढाच, की आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टीम मागाहून बदला. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), गिम्प (फोटोसाठी), क्रिता आणि इंकस्केप (चित्रांसाठी) हे सगळे लिनक्ससारखेच विंडोजवरही चालतात. महिनाभर आहे त्याच विंडोजवर रोजचं काम यांच्यात करून बघा. मी दोन्ही एकदम बदललं होतं. पहिले काही आठवडे काहीही अडलं तरी ते लिनक्समुळे अडलंय की नव्या प्रोग्रॅममुळे, हेच मला कळत नव्हतं.

वर्डच्या फायलींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा त्रास तिथेच होतो आणि त्याचं कारण बहुतेकदा फॉन्ट असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया लिनक्ससोबत येत नाहीत. फॉन्ट नसला की दुसरा वापरला जातो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि दोन पानांचं पत्र तीन पानांवर जातं. माझ्या पडद्यावर एका अर्जातला तक्ता असाच विस्कटलेला दिसला. मी तो तासभर बसून हातानं नीट केला आणि पाठवला. समोरच्याकडे कॅलिब्री होता, त्यामुळे तिथे तो खरोखरच विस्कटला! कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया, आणि एरियल-टाइम्सच्या जागी लिबरेशन हे फॉन्ट असतात. त्यांची अक्षरं मुद्दाम त्याच रुंदीची बनवलेली आहेत. हे आधी टाकून घ्या, म्हणजे निम्मी कटकट मिटते. आणि जे फक्त वाचायला पाठवायचंय ते पीडीएफ करूनच पाठवा.

एक्सेलचं गणित वेगळं आहे. साधी सूत्रं, फिल्टर, पिव्हट टेबल लिब्रेऑफिसमध्ये चालतात. साधे मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, तेही बरेचदा चालतात. पण बाहेरून माहिती आणून साफ करणारी एक्सेलची पॉवर क्वेरी तिथे नाही, आणि विंडोजच्या इतर भागांना हात घालणारे मॅक्रो अडतात. ऑफिसची वेबवरची आवृत्ती ब्राउझरमध्ये उघडते, पण व्हीबीए या एक्सेलच्या भाषेत लिहिलेले मॅक्रो तीही चालवत नाही. तुमची नोकरी अशा मॅक्रोंवर चालत असेल तर त्या कामापुरतं विंडोज ठेवा.

आता 'वाइन'बद्दल, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. १९९३पासून यावर काम चाललंय. हा एम्युलेटर, म्हणजे अख्ख्या संगणकाची नक्कल, नव्हे, याला दुभाष्या म्हणा. विंडोजचा प्रोग्रॅम सिस्टीमकडे काही मागतो, म्हणजे फाइल उघड, खिडकी काढ, आणि वाइन ती मागणी लिनक्सला कळेल अशी करून पोचवतो. म्हणून पुष्कळ जुने, सुटसुटीत प्रोग्रॅम बिनतक्रार चालतात. पण जे थेट सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये शिरतं, तिथे दुभाष्याचं काम संपतं. विंडोजचा प्रिंटर ड्रायव्हर वाइनमधून बसत नाही तो यामुळेच, आणि काही गेम अजिबात चालत नाहीत तेही यामुळेच.

गेम्सचं चित्र मात्र खूप सुधारलंय. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ साली वाइनवर बेतलेलं प्रोटॉन आणलं आणि स्टीम या तिच्या गेमच्या दुकानातले विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव टाका, लोकांचे अनुभव वाचायला मिळतात. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळत असाल तर आजच्या घडीला लिनक्सवर उत्तर 'नाही' असंच आहे. फसवेगिरी पकडणारी त्यांची यंत्रणा तिथे चालत नाही.

फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर नवी आवृत्ती चालवण्याच्या खटपटी लोक करतात, पण ज्यावर पोट आहे असं काम मी त्या भरवशावर सोडणार नाही. तुमची सगळ्यात किचकट पीएसडी (फोटोशॉपची) फाइल क्रितामध्ये उघडून बघा. थर (लेयर) येतात, पण अक्षरांचे थर बरेचदा नुसतं चित्र होऊन येतात आणि मग मजकूर बदलता येत नाही. गिम्प ३.० आल्यावर फिल्टर मूळ चित्र न बिघडवता लावता येतात, तेव्हा फोटो दुरुस्त करण्यापुरतं काम असेल तर जमून जाईल. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छापखान्याच्या चार रंगांतल्या, फायली द्यायच्या असतील, तर घाई करू नका.

माझा एक हिशेबाचा प्रोग्रॅम कधीच वाइनवर चालला नाही. तो मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच एक आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज टाकून चालवतो, आणि त्या विंडोजचं इंटरनेट तोडून ठेवलंय. यासाठी रॅम निदान ८ जीबी हवी, १६ असली तर निवांत.

सगळं पटलं तर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार) पेनड्राइव्हवर घ्या आणि काहीही न पुसता तिथूनच चालू करा. वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर नीट उठणं, हे सगळं तपासा. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवायच्या असतील तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोजची डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणं) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. तुम्ही मॅक्रो वापरता का आणि कोणते गेम खेळता, ते कळवा. त्याप्रमाणे पुढचं नेमकं सांगता येईल.