रोमन हर्क्युलिसला चिंच लावू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. इंग्लंडात केंटमधल्या शेतात मेटल डिटेक्टरवर मिळालेला अंगठ्याएवढा ब्राँझचा हर्क्युलिस, म्हणजे सिंहाचं कातडं पांघरणारा तो गदाधारी ग्रीक-रोमन वीर, आणि खाली प्रश्न: "घरी पितळेला लावतो तसं काही लावलं तर चमकेल का?" नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडेही असाच एक होता. 'होता' म्हणतोय, लक्षात घ्या.

शेतमालकाची परवानगी, जागेची नोंद हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझा हर्क्युलिस बहुधा एखाद्या पेटीवर ठोकलेला असणार. गदा मोडलेली, पण छातीवर त्या कातड्याच्या पंजांची गाठ शाबूत, म्हणून ओळखता आला. रंग गडद हिरवा, अगदी गुळगुळीत. मला ती घाण वाटली. कोल्हापूरला आजी तांब्याचा बंब चिंच-मीठ लावून घासायची, लख्ख व्हायचा. मीही तेच केलं. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, जुना टूथब्रश. दहा मिनिटांत स्वारी गुलाबी. बायको म्हणाली, "अगदी नवा दिसतोय की!" दिसणारच. आयाळ, डोळे, ती गाठ, सगळं सपाट झालं होतं.

नंतर कळलं ते असं. इतकी शतकं जमिनीत राहिलेल्या ब्राँझचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा धातूत उरलेलाच नसतो, तो त्या हिरव्या थरात असतो. कारागिराने कोरलेली आयाळ त्या थरात होती आणि मी ती सिंकमध्ये सोडून दिली. त्यात वर मीठ! मीठ म्हणजे क्लोराइड. दमट हवेत ते तांब्याला खातं, त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि हे चक्र चालूच राहतं. मी वस्तू ठेवली होती बाथरूमलगतच्या कपाटात. महिन्याभरात फिकट पोपटी पावडर झडायला लागली. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं, फक्त इथे भांडंच संपतं.

त्या पावडरीसकट एका संग्रहालयात गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरून तीनदा परत पाठवलं, "आम्ही किंमत सांगत नाही" म्हणून. अहो, किंमत विचारली कुणी? मला फक्त कुणाला दाखवू एवढंच हवं होतं. त्या तीन खेपांत दोन महिने गेले आणि हर्क्युलिसचं नाकही गेलं.

तुमच्या फोटोत मानेपाशी एक फिकट ठिपका दिसतोय, म्हणून आज रात्रीच एवढं करा. पाणी नको, ब्रश नको, तेल तर अजिबात नको. हवाबंद डबा, भरपूर सुकी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. आकडा 40 टक्क्यांच्या खाली राहायला हवा. कापसात गुंडाळू नका, तंतू चिकटतात. मग पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या इथल्या योजनेचा, तुमच्या भागातला अधिकारी गाठा, वस्तू न धुता. एकटी ब्राँझची वस्तू सहसा 'ट्रेझर'मध्ये, म्हणजे कायद्याने कळवावीच लागणाऱ्या ठेव्यात, मोडत नाही, पण जुलै 2023 पासून फार महत्त्वाची ठरली तर मोडू शकते, तेव्हा स्वतःच निकाल लावू नका. व्हिडिओत घरच्या घरी बेंझोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायन लावून दाखवतात, ते विषारी आहे, त्या वाटेला जाऊ नका. मी काही संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारा जाणकार, नाही, कोड लिहून पोट भरतो. माझ्यापेक्षा संवर्धकाचं ऐका.

पुण्याला आईकडे पाठवायचं म्हणताय, तर इथल्या मातीत सापडलेल्या पुरावस्तूला किंमत कितीही कमी असली तरी निर्यात परवाना लागतो. आणि एकदा भारतात गेली की तिथल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगी माणसाला ती परत बाहेर काढता येत नाही. आईला हौसच असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये घेऊन जा. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन पोसायडन, म्हणजे समुद्रदेवाची छोटी मूर्ती, तिथलाच. ब्राँझवरचा तो काळपट हिरवा रंग कसा असतो तेही बघून होईल.

मागच्या बाजूचा फोटो टाका, तुमचाही पेटीवर ठोकलेला होता का ते बघू. खिळ्याभोवती राखाडी शिसं दिसतंय का?