वॉर्ड सोडून डेटाकडे जाऊ का?

‘नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंग कॅन्सर वॉर्डात. वयस्कर पेशंटना केमो किती सोसवेल, यासाठी सीनिअर माझ्याकडून फॉर्म भरून घेतात. नुसतं कारकुनी काम! हे सोडून डेटा सायन्सला जाऊ का?’ असं तू विचारलं आहेस.

आकड्यांची ओढ असेल तर जरूर जा. पगारही बहुधा जास्त मिळेल. पण फॉर्मला कंटाळून जात असशील, तर आधी तो फॉर्म नीट बघ.

तू लिहिलेल्या प्रश्नांवरून तो ‘कार्ग’ स्कोअर दिसतो, म्हणजे केमोचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका गुणांत मोजणारी यादी; गुण जास्त, तर धोका जास्त. आरती हुरिया आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये अमेरिकेत मांडला, ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ५०० रुग्णांच्या नोंदींवरून. त्यातल्या ५३ टक्के रुग्णांना केमोचे गंभीर दुष्परिणाम झाले होते. हिमोग्लोबिन, किडनीचं काम, केमोची औषधं किती, डोस पूर्ण की कमी, हे फाइलमध्ये मिळतं. सहा महिन्यांत पडलात का, ऐकू कसं येतं, गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता का, हे मात्र विचारावंच लागतं.

आणि विचारण्यातच खरी मेख आहे. ‘पडलात का?’ म्हटलं की आजोबा ‘छे!’ म्हणतात, शेजारी मुलगी बसलेली असते ना! तेच ‘उठताना तोल जाऊन खाली बसलात का कधी?’ असं विचारलं, तर ‘हो, पण त्याला काय पडणं म्हणतात?’ असं उत्तर येतं. पडण्याचे ३ गुण. पाचपर्यंत धोका कमी, सहापासून मध्यम. म्हणजे त्या एका उत्तराने माणसाचा गट बदलू शकतो. बेरीज काय, कॉम्प्युटरही करतो.

सुप्रिया मोहिले यांच्या गटाच्या २०२१ मधल्या चाचणीत ज्येष्ठांची अशी सविस्तर तपासणी करून तिचा अहवाल आणि शिफारशी डॉक्टरांच्या हाती दिल्या, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ७१ वरून ५१ टक्क्यांवर आले.

म्हणून माझं मत: पदवी पूर्ण कर, सोबत संख्याशास्त्र शीक. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे एखादी गोष्ट होईल की नाही याची शक्यता काढायची पद्धत, तर हवंच; शिवाय एका देशात बनलेला स्कोअर दुसरीकडे लागू पडतो का, हे कसं तपासतात तेही. पुढे क्लिनिकल रिसर्च नर्स, मग हवं तर बायोस्टॅटिस्टिक्समध्ये (वैद्यकीय संख्याशास्त्रात) मास्टर्स. दोन्ही बाजू कळणारी माणसं फार थोडी आहेत.

उद्या सीनिअरना एवढंच विचार: स्कोअर काढलेल्यांना पुढे खरोखर काय त्रास झाला, याची नोंद एकत्र ठेवली जाते का? नसेल, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय मिळाला. एथिक्स कमिटीची परवानगी तेवढी आधी घे.