सासूबाईंचा गुडघा आणि लावणी

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या. दोन्ही गुडघे झिजलेत. गोळ्या, व्यायाम चालू आहे. दुखण्यावर अमुक राग रोज अर्धा तास ऐकवा, असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला म्हणून सतार लावून दिली, तर त्या वैतागतात. ‘बंद करा ते’ म्हणतात आणि मोबाइलवर लावण्या लावून बसतात. काय ऐकवावं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : लावण्याच. ऐकवायच्या कशाला, त्यांच्या त्यांना ऐकू द्या.

अमुक दुखण्याला अमुक राग, या याद्यांना भक्कम आधार नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ६३ निरोगी माणसांच्या हाताला सोसेल इतका चटका देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : संशोधकांनी निवडलेल्या ‘शांत’ संगीतापेक्षा ज्याच्या त्याच्या आवडत्या गाण्यांनी वेदना कमी जाणवली. आता क्षणभराचा चटका वेगळा आणि वर्षानुवर्षांचा गुडघा वेगळा, हे खरं. पण फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग ठणकण्याचा जुनाट आजार असलेल्यांनीही स्वतः निवडलेली संथ गाणी १० मिनिटं ऐकली, तेव्हा दुखणं उतरलं. खुर्चीतून उठून चालणंही सुधारलं. हा अभ्यास २०१४ चा.

झीज काही गाण्याने भरून येत नाही. दुखण्याकडे लागलेलं लक्ष सुटतं, आखडलेलं अंग जरा सैल पडतं, एवढंच. फरक थोडाच पडतो, म्हणून गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका. पण तेवढ्या फरकात व्यायाम उरकतो! माझ्याकडे येणारे एक निवृत्त एसटी कंडक्टर कंबरेच्या व्यायामाआधी गवळण लावतात. पूर्वी तिकिटाचा चिमटा वाजवायचे त्याच सवयीने बोटं सतरंजीवर ठेका धरतात, आणि ‘आई गं’ न म्हणता पाय वर जातो. (मला स्वतःला सतार प्रिय आहे, पण माझ्या आवडीचा इथे संबंध नाही.)

तेव्हा सासूबाईंचा व्यायाम आणि लावण्या एकाच वेळेला बांधा. यादी त्यांनाच करू द्या. नातवाने फोनमध्ये भरून द्यावी. मोबाइल कानाशी धरून मोठ्याने ऐकत असतील तर छोटा स्पीकर आणा. आणि गुडघा एकाएकी सुजून लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.